मुन्शीजी आणि दहा वर्षांची हमी

मी खोली शोधत फिरायचो तेव्हा शहरात पुष्कळ खोल्या रिकाम्या असायच्या आणि मी आडनाव सांगितलं की लगेच भरून जायच्या. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी टर्नर म्हणून नुकताच लागलो होतो. आठवडाभर दारोदार हिंडून झाल्यावर क्रांती चौकामागच्या एका गल्लीत कुणीतरी बोट दाखवलं. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ लाकडी पेटीवर कागद ठेवून काहीतरी लिहीत बसले होते. डोक्याला काळी टोपी, कानावर दुसरी पेन्सिल.

मी आधीच आडनाव सांगून टाकलं. म्हटलं, चहा झाल्यावर नकार नको.

त्यांनी वर न बघता विचारलं, "अक्षर कसंय?"

"जी?"

"अक्षर, अक्षर. लिहून दाखव." कागद पुढं सरकवला. मी नाव, गाव, तालुका लिहिलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. "ळ जरा आखडलाय. बाकी ठीक. आता मी सांगतो ते लिही."

तासाभरात मी अकरा कलमांचं हमीपत्र लिहून बसलो होतो. भाडेकरू शीळ घालणार नाही. भाडेकरू माळवदावर झोपल्यास घोरण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याची राहील. भाडेकरूकडं आलेला पाहुणा रडू लागल्यास दार लावून घेण्यात येईल. जात, देव, ताटातलं कालवण यांचा त्यात कुठं उल्लेखच नव्हता. मी सही केली आणि मला खोली मिळाली.

सगळं शहर त्यांना मुन्शीजी म्हणायचं. निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकले आणि पुढं चाळीस वर्षं कोर्टाबाहेरच्या टपरीत बसून लोकांचे अर्ज लिहीत आले. मूळचे बिडकीनकडचे, मेंढपाळाच्या घरातले. त्यांच्या वडिलांनी एकदा न वाचता कुठल्याशा कागदावर अंगठा उठवला होता. चराईचा परवाना आहे असं त्यांना सांगितलं होतं. आठ दिवसांनी माणसं आली आणि अख्खा कळप हाकून घेऊन गेली. "बापानं मला शाळंत घातलं ते त्या रागानं," मुन्शीजी सांगायचे. "म्हणाला, तू वाच. मोठ्यानं वाच. तीनदा वाच."

ते खरोखर तीनदा वाचायचे. औषधाच्या बाटलीवरचं, लग्नपत्रिकेवरचं, एस.टी.च्या तिकिटामागचंसुद्धा. आणि दिसेल त्याच्याकडून लिहून घ्यायचे. दूधवाल्यानं लिहून दिलं होतं की तो म्हशीच्या तब्येतीबद्दल खोटं बोलणार नाही. न्हाव्यानं लिहून दिलं होतं की दाढी चालू असताना राजकारण काढणार नाही. मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी परभणीच्या होणाऱ्या जावयाला बाजूला नेऊन "मुलीला थंडी वाजू देणार नाही" असं लिहून घेतलं, तेव्हा त्या पोराला कल्पना नव्हती की आपली नोकरी पुढं कॅनडात लागणार आहे.

त्यांच्या पत्नीला मी मावशी म्हणायचो. कमी बोलणारी, उंच, काटक बाई. मुन्शीजी पाच मिनिटं बोलायचे आणि मावशी त्यावर एक "बरं" टाकायच्या. त्या एका शब्दात कधी होकार असायचा, कधी नकार, आणि बऱ्याचदा नुसतं 'आता पुरं' असायचं.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी कॅनडाहून जाड लखोटा आला. लेकीनं आईबापांना कायमचं बोलावून घ्यायचं ठरवलं होतं. सोबत तिनं आणि जावयानं तिथल्या सरकारला लिहून दिलेल्या हमीपत्राची नक्कल होती. मुन्शीजींनी मला डिक्शनरी घेऊन बसवलं. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांकडून हम्या घेतल्या होत्या. आता त्यांची हमी दुसऱ्या कुणीतरी घेतली होती.

"दहा वर्षं?"

"व्हय. दहा वर्षं या दोघांना खायला-प्यायला घालू, राहायला देऊ. आजारपण बघू. सरकारवर यांचा भार पडू देणार नाही."

"भार! मी भार?" ते उठून उभे राहिले. "आणि खाली सही जावयाची? जावयाच्या सहीवर भाकर खायची म्हणतोस?"

"मुलीची पण आहे, मुन्शीजी."

"पुढं वाच."

पुढं आणखी वाईट होतं. लेक बापाला ओळखून होती. तिनं मूळ अर्ज आईच्या नावानं केला होता आणि मुन्शीजींना आईसोबत येणारी अवलंबून व्यक्ती म्हणून दाखवलं होतं. हे वाचताना मी आवाज बारीक केला, पण त्यांनी ते तिसऱ्यांदा वाचायला लावलंच. आत मावशी ज्वारी पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला आणि त्या म्हणाल्या, "बरं." यावेळच्या त्या शब्दाचा अर्थ मला नीट कळला. मावशींना दोन नाती झाल्या होत्या आणि त्यांनी त्या फक्त फोटोत पाहिल्या होत्या.

मुन्शीजींनी तीन दिवस विचार केला आणि जावयाच्या नावानं स्टँपपेपरवर उलट हमीपत्र लिहिलं. मी खाली सही करणार असं लिहून देतो की, दोनपेक्षा जास्त भाकरी खाणार नाही. आजारी पडायचं झाल्यास जावयाच्या सुट्टीच्या दिवशी पडेन. मुलींना कसं वाढवावं याविषयी बोलणार नाही. कलम चार, न विचारता सल्ला देणार नाही. रजिस्टर पोस्टानं पाठवलं. महिन्यानं लेकीचं उत्तर आलं, "दादा, कलम चार ह्यांना फारच आवडलं. त्यांनी ते फ्रिजच्या दारावर चिकटवलंय."

पण त्या पत्रात पुढं आणखी होतं. मावशींना वाचून दाखवायला मीच बसलो होतो. लेकीनं लिहिलं होतं, "दादा, तुम्ही चिडलात ते मला कळतं. पण ही सही आम्ही हसत हसत केलेली नाही. इथं आधी आपली कमाई दाखवावी लागते. ती कमी पडत होती म्हणून मी वर्षभर शनिवार-रविवारी वृद्धाश्रमात दुसरं काम केलं. घर घ्यायचं होतं, ते पुढं ढकललं. ह्यांचे आईवडील परभणीला आहेत. त्यांनी अजून विचारलं नाही, पण डोळ्यांत दिसतं. आमच्या पगारावर चार म्हाताऱ्या माणसांची हमी हे सरकार घेत नाही. तेव्हा हेच म्हणाले की आधी तुझे. म्हणून आधी तुम्ही."

मुन्शीजी खिडकीकडं तोंड करून बसले होते. पत्र मागून घेतलं, लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "वळण चांगलंय पोरीचं." एवढंच.

त्या दिवसापासून त्यांनी भार न होण्याची तयारी सुरू केली.

पहिल्यांदा डॉक्टर. गल्लीतल्या डॉक्टरांना ते म्हणाले, "मला पुढच्या दहा वर्षांत काय काय होईल ते सगळं आताच करून टाका." डॉक्टरांनी समजावलं की तसं करता येत नाही. मुन्शीजींनी तरी दोन दाढा काढून घेतल्या आणि एका डोळ्यातला मोतीबिंदू उरकला. अपेंडिक्सबद्दलही चौकशी केली, पण ते दुखत नसताना कुणी काढायला तयार होईना.

मग स्वयंपाक. ते माझ्याकडून आम्लेट शिकले. अंडं फोडण्याआधी ते त्याच्याकडं असे बघायचे, जणू त्यावर कुठंतरी बारीक अक्षरात काही छापलेलं असेल.

आणि मग थंडी. त्यांच्या एका जुन्या पक्षकाराचा बर्फाचा कारखाना होता. ऐन मे महिन्यात मुन्शीजी कानटोपी, मफलर, लोकरी मोजे आणि वर घोंगडी अशा थाटात दुपारी घराबाहेर पडायचे. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. बर्फाच्या लाद्यांमध्ये स्टूल टाकून ते तासभर बसायचे आणि इंग्रजी वाक्यं घोकायचे. चौथ्या दिवशी फणफणून ताप आला. डॉक्टर म्हणाले, "ऊन लागलं." मुन्शीजी पांघरुणातून म्हणाले, "ऊन नाय, थंडी बाधली. तसंच लिहा." शहरात बेचाळीस डिग्री होतं.

(पुढं कळलं की लेक राहायची त्या व्हँकुव्हरकडच्या गावात बर्फ क्वचितच पडतो. वर्षातले सहा महिने तिथं नुसती रिपरिप असते. पावसाची तयारी मात्र त्यांनी काहीच केली नव्हती.)

दिल्लीच्या वकिलातीतून व्हिसा आले. तिकिटं झाली. तीन आठवडे उरले होते.

त्या दिवसांत नामांतराचं आंदोलन पुन्हा तापलं होतं. विधिमंडळात ठराव होऊन वर्षं लोटली होती आणि विद्यापीठाच्या कमानीवर जुनंच नाव होतं. माझ्या गावात त्यापायी घरं जळालेली मी पोरवयात बघितली होती. कारखान्यातून सुटलो की मी सभांना जायचो. मुन्शीजी आंदोलनाच्या बाजूनं बोलायचे नाहीत, विरोधातही नाही. त्यांना फक्त आमच्या निवेदनांचा मसुदा पसंत नव्हता. "'मागणी मान्य न झाल्यास उग्र आंदोलन करू'. हे काहून लिहिलं? 'सनदशीर' घाला. उग्र करायचंच असलं तर ते आधी लिहून देतं का कुणी?" आम्ही 'सनदशीर' घातलं.

सनदशीर रीतीनंच आम्ही क्रांती चौकात धरणं धरलं आणि पोलिसांनी आम्हाला गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी दंडाधिकारी साहेबांच्या कचेरीत उभं केलं. सहा महिने शांतता राखण्याच्या बंधपत्राचा कागद, आणि त्याला शहरातला, घरदार असलेला एक जामीनदार. तो मिळेपर्यंत आत. माझे मित्र माझ्यासोबतच आत होते. गावाकडं बापाच्या नावावर काही नव्हतं. मी अजून कारखान्यात कायम झालो नव्हतो. चार दिवस गैरहजर राहिलो की नाव कटणार होतं. फोरमनला निरोप धाडला, तर त्यानं "मला ओळखत नाही म्हणावं" असं उलट सांगून पाठवलं.

दुपारी मुन्शीजी आले. काळी टोपी, बगलेत पेटी. कारकुनानं छापील नमुना पुढं केला. त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा एका शब्दावर बोट ठेवलं.

"इथं लिहिलंय, सदर इसमाकडून पुन्हा शांततेचा भंग होणार नाही. पुन्हा? पहिल्यांदा कधी झाला?"

कारकून म्हणाला, "मुन्शीजी, ते छापीलच आहे."

"छापली म्हणून चूक बरोबर होत नाय. 'पुन्हा' काढा."

कारकून साहेबांकडं गेला. साहेब बाहेर आले. तरुण होते, कंटाळलेले होते. मुन्शीजींनी त्यांनाही तीनदा वाचून दाखवलं. शेवटी साहेबांनी स्वतःच्या पेनानं 'पुन्हा' खोडलं आणि समासात सही केली. आम्ही आत होतो तेवढ्या सगळ्यांच्या कागदांवरचं 'पुन्हा' मग तसंच खोडलं गेलं.

सही करायला मुन्शीजी खाली वाकले तेव्हा साहेब म्हणाले, "एक मिनिट. तुमच्या चारित्र्याचा दाखला मागच्या महिन्यात गेला ना? तुम्ही परदेशी चाललात."

"व्हय."

"मग मी तुम्हाला जामीन कसा घेऊ? जामीनदार सहा महिने जिल्ह्यात हजर पाहिजे."

मी कठड्यापलीकडून ओरडलो, "मुन्शीजी, राहू द्या. तुम्ही जा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पेटी उघडली, कोरा कागद काढला आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. अक्षर नेहमीसारखं होतं. मी असं लिहून देतो की, आजपासून सहा महिने जिल्हा सोडून जाणार नाही. मुलीनं काढलेली तिकिटं, सहा महिन्यांआधी संपणारा व्हिसा, त्या वर्षभराच्या शनिवार-रविवारांची मेहनत. हे सगळं त्या दीड ओळीत गेलं.

परतताना ते बोटानं हवेत काहीतरी लिहीत चालले होते. मला राहवेना. "मावशींचं काय? नातींचं?"

"गप बस. तिला कसं सांगायचं त्याचाच मसुदा करतोय."

मसुदा फुकट गेला. आमच्याआधीच बातमी घरी पोचली होती. मावशी दारात उभ्या होत्या. आधी मला आपादमस्तक पाहिलं. मारलं का, विचारलं. मी नाही म्हणालो. मग नवऱ्याकडं वळल्या.

"लिहून दिलं म्हणं?"

"तसा प्रसंगच आला—"

"चांगलं केलं. पोराला कोण होतं दुसरं." त्या पदर खोचून आत वळल्या. वळता वळता म्हणाल्या, "लिहून तुम्ही दिलंय. मी नाय दिलं. मी जाणार."

मुन्शीजी ओट्यावर मटकन बसले. हा मुद्दा त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. अर्ज मावशींच्या नावानं होता. सोबतची व्यक्ती नसली तरी मूळ व्यक्ती जाऊ शकत होती. त्यांनी वकिलातीचा कागद काढून तीनदा वाचला. प्रत्येक वेळी मावशीच बरोबर निघाल्या.

चिकलठाण्याच्या विमानतळावर मी आणि मुन्शीजी सोडायला गेलो. मुंबईपर्यंत जायची त्यांना सोय नव्हती, जिल्हा सोडता येत नव्हता. मावशी नऊवारी नेसून, पायात लेकीनं पाठवलेले पांढरे बूट घालून ताठ चालत निघाल्या. दारातून त्या परत आल्या. मुन्शीजींचा चेहरा उजळला. मावशी म्हणाल्या, "दुधावर झाकण ठेवत जा," आणि गेल्या.

ते सहा महिने आम्ही दोघांनी आम्लेटवर काढले. दर सोमवारी मुन्शीजी त्या कचेरीत माझ्या वर्तणुकीचा लेखी अहवाल देऊन यायचे. कुणी मागितला नव्हता. 'सदर इसमानं गुरुवारी वांग्याची भाजी जाळली. शांततेत जाळली.' दोन महिन्यांनी कारकून हात जोडून म्हणाला, "मुन्शीजी, आमचा विश्वास बसला. आता येऊ नका." तरी ते जायचे. मला वाटतं, घरात बोलायला कुणी नव्हतं म्हणून जायचे.

मुदत संपली तेव्हा मी कारखान्यात कायम झालो होतो आणि मुन्शीजींचा व्हिसा केव्हाच संपला होता. लेकीकडं पुन्हा मागायची त्यांची हिंमत नव्हती. आता पाळी परभणीच्या व्याह्यांची होती आणि ते त्यांना मान्यही होतं. "माझं काय, मी इथं बरा आहे," असं ते मला रोज सांगायचे. रोज सांगायचे, यावरूनच काय ते मी समजलो.

दीडेक वर्षानं पुन्हा एक लखोटा आला. नमुना तोच, कलमं तीच, दहा वर्षं तीच. हमी घेणाऱ्याच्या जागी मात्र मावशींचं नाव होतं. तिथं गेल्यावर महिन्याभरातच त्या शेजारच्या पंजाबी बायांबरोबर शेतांवर ब्लूबेरीची निळी बोरं तोडायला जायला लागल्या होत्या. बिडकीनच्या रानात लहानाची मोठी झालेली बाई, त्यांना झुडपांपुढं वाकायचं काय नवल! दोन हंगाम काम करून त्यांनी स्वतःच्या कमाईचा दाखला जोडला होता. जावयाच्या सहीची गरजच नव्हती. खाली मावशींची सही होती. देवनागरीत, एकेक अक्षर सुटं, प्रत्येकावर वेगळी रेघ. नातीनं शिकवली होती.

मी मजकूर वाचायला घेतला. मुन्शीजींनी हात केला. "राहू दे." चाळीस वर्षांत न वाचता बाजूला ठेवलेला तो बहुधा एकच कागद असावा. ते सहीवरून बोट फिरवत राहिले.

"दहा वर्षं म्हणती," ते म्हणाले. "लई झाली."

ते गेले. मी वर्षभरानं बजाजनगरात घर केलं, लग्न झालं, मुलगी झाली. मुन्शीजींची पत्रं यायची. तिथं भार कसले होतात! त्या गावात त्यांच्या वयाचे पुष्कळ पंजाबी म्हातारे होते. फाळणीआधी शाळा शिकलेले, त्यामुळं उर्दू वाचणारे. त्यांना मुन्शीजींच्या रूपानं घबाडच सापडलं. गुरुद्वाराच्या जेवणघरात कोपऱ्यातलं एक टेबल त्यांना मिळालं. गावाकडून भाऊ, बहीण, आईबाप बोलवायचे असले की माणूस कागद घेऊन त्यांच्यापुढं यायचा. मुन्शीजी आधी प्रत्येक कलम उर्दूत मोठ्यानं वाचायचे, तीनदा. मग विचारायचे, म्हातारा चिडका असला तर? आजारी पडला तर? दोघा भावांची बायका-पोरं भांडली तर? तरी दहा वर्षं सांभाळशील? काहीजण कागद घेऊन घरी परत जायचे, बायकोशी बोलून आठवड्यानं यायचे. मुन्शीजींनी लिहिलं होतं, 'जो आठवड्यानं येतो, त्याची सही पक्की समजतो.'

मग एका जानेवारीत, ऐन संक्रांतीला, नाव मिळालं. गल्लीगल्लीत निळे झेंडे, ढोल, रस्त्यात माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. मी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आलो तर शेजाऱ्यांकडं माझ्यासाठी फोन होता. कॅनडातून. तिकडं काय वाजले होते कोण जाणे.

"झालं म्हणं?" मुन्शीजींचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता.

"झालं, मुन्शीजी!"

"शब्द काय वापरलाय?"

"काय?"

"हुकमात, हुकमात. शब्द कुठला?"

"नामविस्तार. जुनं नाव ठेवून त्याच्या आधी आपलं जोडलंय."

पलीकडं मुन्शीजी तो शब्द तीनदा पुटपुटले. मागून मावशी काहीतरी म्हणत होत्या. मिनिटामिनिटाला पैसे जात होते.

"विस्तार," ते शेवटी म्हणाले. "ज्यानं हा शब्द काढला तो पक्का अर्जनवीस असला पाहिजे." मग घसा साफ केला. "पोरा, तुझी पोरगी शिकंल. पदवी घेईल. तवा दाखल्यावर नाव पुरं लिहिलंय का बघ. लांबलचक नाव हाय, कारकून लोक नुसती पहिली अक्षरं लिहून मोकळे होतील. होऊ देऊ नको. पुरं लिहून घे. एकेक अक्षर."

"हो," मी म्हणालो.

"काय हो? काय लिहून घेशील?"

आणि मी शेजाऱ्यांच्या बैठकीत, सगळे बघत असताना, विद्यापीठाचं नवं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं म्हटलं.

"आणखी एकदा," मुन्शीजी म्हणाले.